भित्रा मिस्त्री

भित्र्या माणसांचं आणि माझं कधी जमलं नाही. धंदाच तसा माझा. मी जनावरांची डॉक्टर. अडलेल्या म्हशीच्या मागं उभं राहायचं, ती लाथ मारणार हे माहीत असताना कोपरापर्यंत हात घालायचा, यात पंचवीस वर्षं गेली. दोन बरगड्या आणि एक दातही त्यातच गेला. कुणी "भीती वाटते" म्हणालं की माझं डोकं फिरायचं. अशा बाईनं जळगावातल्या सगळ्यात भित्र्या माणसाबद्दल लिहायला बसावं आणि लिहिताना तिच्याच तळव्यांना घाम यावा, हे बरंच झालं म्हणायचं. माझी खोड मोडलीच पाहिजे होती.

याकूबभाईंचं गॅरेज नेरी नाक्याच्या आतल्या गल्लीत होतं. त्यावर पाटी नव्हती, तिची गरजही नव्हती. खेड्यातून आलेला माणूस रिक्षावाल्याला विचारायचा, "तो भित्रा मिस्त्री कोठे शे?" आणि रिक्षावाला मुकाट आणून सोडायचा. चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बोल्टांनी बॉडी बसवलेल्या जुन्या धाटणीच्या गाड्या तेवढ्या ते हातात घ्यायचे. अशा गाडीची बॉडी चासीवरून उचलायची, मध्ये ठोकळे घालायचे, लांब बोल्टांनी पुन्हा आवळायची, की गाडी उंच दिसते आणि मोठी चाकं बसतात. याला बॉडी लिफ्ट म्हणतात. त्याचं तयार किट खोक्यात मिळतं. हे काम करणारे पुष्कळ आहेत. पण ते काम करताना घाबरणारे याकूबभाई एकटेच.

उंच, किडकिडीत माणूस. डाव्या कानानं जवळजवळ बहिरे, हातोड्यांच्या आवाजात तो कान गेला होता. त्यामुळे बोलणाऱ्याकडं ते उजवा गाल करायचे आणि समोरच्याला वाटायचं, हा आपल्यावर रुसलाय. जॅकवर उचललेल्या गाडीखाली ते कधीच तसे शिरले नाहीत. आधी टेकूला लोखंडी घोड्या लावायच्या, घोड्यांना दोन लाथा मारून बघायच्या, शिवाय गाडीखाली दोन जुनी चाकं आडवी सरकवायची, मग बिस्मिल्ला म्हणून आत जायचं. बोल्ट आवळताना कुणी बोललेलं चालायचं नाही. बोल्ट आवळून झाला की शमीमभाभींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, लाल नेलपॉलिशच्या बाटलीतून बोल्टावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून एक सरळ रेघ ओढायचे. रेघ तुटलेली दिसली तर समजायचं, बोल्ट फिरला. "पाचशे किलोमीटरनं परत दाखवा," हे गाडी देतानाचं त्यांचं शेवटचं वाक्य. नाही दाखवली तर फोन करून पिडायचे.

एकदा दोंडाईचाचा एक शेठ आला. भावाच्या लग्नाच्या वरातीत गाडी सगळ्यांच्या डोक्यावरून दिसली पाहिजे, चार इंच उचला म्हणाला. याकूबभाईंनी सगळं ऐकून घेतलं, एक स्टूल आणलं, त्याला वर उभं केलं. मग खाली उतरवून त्या स्टुलावर दुसरं स्टूल ठेवलं आणि पुन्हा चढवलं. मग दोन बोटांनी खालचं स्टूल जरासं हलवलं. शेठनं याकूबभाईंचं डोकंच धरलं.

"शेठ, वर उभी ती तुमची गाडी," याकूबभाई म्हणाले. "माझी दोन बोटं म्हणजे वळण."

शेठ हसत हसत दुसरीकडं गेला आणि चार इंच करून घेतलंच. पुढं दोनेक महिने दोंडाईचाकडचं कुणीही दिसलं की याकूबभाई विचारायचे, ती पांढरी गाडी बरी आहे ना? जणू काय सासरी दिलेली लेक. लोक हसायचे. मीही हसले.

ही भीती जन्मापासूनची नव्हती. तरुणपणी ते धुळ्याला एका उस्तादाच्या हाताखाली होते. गोष्ट अशी आहे की स्टिअरिंगचं चाक बॉडीला असतं आणि ते ज्या पेटीला फिरवतं ती खाली चासीवर. बॉडी वर उचलली की दोघांमधला दांडा तोकडा पडतो, म्हणून त्याला एक जोड घालावा लागतो. धुळ्याला एका गाडीत तो जोड दांड्यावर अर्धाच बसला होता. याकूबभाईंनी तो बघितला, उस्तादाला सांगितलं. उस्ताद म्हणाला, चलता है. याकूबभाई गप्प बसले. तिसऱ्या दिवशी त्या गाडीचा मालक गॅरेजात पायी आला, कपाळाला पट्टी. घाटाच्या उतारावर जोड निसटला होता. बाभळीच्या झाडीनं गाडी अडवली म्हणून वाचला. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. फक्त एवढंच बोलला, "मिस्त्री, चाक फिरत होतं. गाडी नव्हती फिरत."

हे सांगताना याकूबभाई कप बशीत ठेवायचे.

तेव्हापासून त्यांनी एक रीत घातली. काम झालं की पहिली चक्कर शमीमभाभींना शेजारी बसवून मारायची. ज्या गाडीत माझी बायको बसू शकत नाही ती मी दुसऱ्याच्या बायकोला कशी देऊ, हा त्यांचा हिशेब. शिवाय डावा कान गेलेला, म्हणून डाव्या बाजूला बसणारं माणूस कानाचं हवं. भाभींचे गुडघे दुखायचे. त्यांच्यासाठी एक लाकडी पाट केला होता, त्यावर पाय देऊन त्या बुरखा सावरत, कुरकुरत चढायच्या. "लग्नाला तीस वर्षं झाली, मला एक जत्रा नाही दाखवली. लोकांच्या गाड्या तेवढ्या दाखवल्या," असं सगळ्या गल्लीला ऐकवायच्या. गाडी गिरणेचा पूल ओलांडून पाळधीपर्यंत जायची आणि परत यायची. वाटेत भाभी "आवाज आला" म्हणाल्या की संपलं. गाडी परत खोलायची, सगळे बोल्ट पहिल्यापासून. दोनदा खरंच काहीतरी सापडलं होतं. बाकी कितीतरी वेळा काही नाही. पण गल्लीत भाभींच्या कानाचा मोठा दबदबा होता.

माझी गाडी त्यांच्याकडं गेली ती माझ्याच आगाऊपणानं. मी चोपड्याला होते, सातपुड्यातले पाडे माझ्याकडं. तिथल्या नाल्यांतल्या दगडांनी जुन्या चाकांच्या चिंध्या व्हायच्या, म्हणून एक दिवस रागाच्या भरात मी मोठी चाकं बसवून टाकली. ती वळताना बॉडीला घासायला लागली. मग ऑनलाइन तीन इंची किट मागवलं आणि खोकं घेऊन याकूबभाईंपुढं उभी राहिले.

त्यांनी आधी आरटीओतनं लेखी परवानगी आणायला लावली. त्यात दोन महिने गेले. मग चाकाचं घासणं पेन्सिलीनं मापलं आणि म्हणाले, दीड इंच. मी म्हटलं, खोक्यात तीनचे ठोकळे आहेत. ते म्हणाले, "डॉक्टरबाई, तुम्ही म्हशीला सुई किती टोचता? खोक्यात आहे तेवढी?"

खोक्यातले ठोकळे त्यांनी बाजूला ठेवले आणि दीड इंची, घट्ट नायलॉनचे नवे कातून घेतले. खोक्यातला बोल्ट तळहातावर तोलला आणि तोंड वाकडं केलं. मग गाडीचा जुना बोल्ट रुमालात बांधून एसटीनं धुळ्याला गेले. त्यांच्या भरवशाचं बोल्टांचं दुकान तिथंच होतं. एक दिवस जाण्यायेण्यात मोडला. माझा जीव वर-खाली होत होता, कारण पाड्यांवर लाळ्या-खुरकूत शिरली होती. लस आली होती, बर्फाच्या पेट्या भरलेल्या होत्या आणि तिथवर चढणारी एकुलती एक गाडी याकूबभाईंच्या घोड्यांवर उभी होती.

काम सुंदर झालं. एकेक बाजू मोकळी करून, जॅकवर लाकडी फळी ठेवून, बॉडी बोटभर बोटभर उचलत त्यांनी दहाही ठोकळे बसवले. ब्रेकच्या नळ्या, गिअरची दांडी, अर्थिंगची तार, सगळं ताणलं तर जात नाही ना, हे हात फिरवून बघितलं. स्टिअरिंगचा जोड बसवायला मात्र अख्खी दुपार घेतली. रेघा ओढल्या. आणि गाडी देईनात.

शमीमभाभींच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्या धुळ्याला लेकीकडं होत्या. त्या आल्याशिवाय चक्कर नाही, चक्करीशिवाय गाडी नाही. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. रोज पाड्यावरून फोन यायचा, आज अमक्याचा बैल बसला, आज तमक्याची गाय. पाचव्या दिवशी मी गॅरेजात जाऊन त्यांच्यावर तोंड सोडलं. शेजारचे वेल्डिंगवाले काम थांबवून बघत राहिले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. शेवटचं आठवतं, कारण ते विसरता येत नाही. मी म्हटलं, "इतकी वर्षं झाली त्या घाटाला, याकूबभाई. आता तरी बायकोच्या पदराआडून बाहेर या."

याकूबभाईंनी चिंधीनं हात पुसले, पाट उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही बसा मग."

मी डाव्या सीटवर बसले. ते सरळ पुढं बघत गाडी चालवत होते. उजव्या हाताचा अंगठा स्टिअरिंगच्या कव्हरवर मागं-पुढं, मागं-पुढं घासत होते, आणि त्या खसखसीनं मला आणखीच वैताग येत होता. त्यांनी विचारलं, काही ऐकू येतं? मी म्हटलं, नाही. गिरणेच्या पुलावर समोरून ट्रक आला, त्यांनी गाडी जरा डावीकडं घेतली आणि पायापाशी कुठंतरी टक् झालं. एकदाच. नखानं डबा वाजवावा एवढंच.

"काही आलं?" त्यांनी विचारलं.

मला बर्फाच्या पेट्या दिसत होत्या. हो म्हटलं तर हा माणूस दोन दिवस गाडी खोलून बसणार, हे दिसत होतं. मी म्हटलं, "काही नाही."

त्यांनी मान हलवली. गॅरेजात आल्यावर एक पाना फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. स्टिअरिंगच्या जोडाचा आहे, म्हणाले, कुणाला उसना देऊ नका. मी तो सीटखाली फेकला.

दोन दिवस वर लसीकरण झालं. माझ्याबरोबर आमच्या दवाखान्याचा ड्रेसर, म्हणजे मलमपट्टीचा मदतनीस, सुपडूनाना होता, निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा. तिसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी आम्ही शेवटच्या पाड्यावरून उतरत होतो. उजवीकडं डोंगर, डावीकडं नुसता उतार, खाली कोरडा नाला. पहिल्या वळणावर टक् झालं. दुसऱ्या वळणावर टक् टक्. मी स्वतःला सांगितलं, दगड असेल. तेवढ्यात मागून सुपडूनाना म्हणाला, "बाई, खाले काहीतरी बोली राह्यनं."

तिसऱ्या वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं आणि सुरुवातीला नुसतं चाक फिरलं. गाडी क्षणभर उशिरा वळली. क्षणभरच. पण धुळ्याचा तो पट्टी बांधलेला माणूस, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं, तो माझ्या शेजारी येऊन बसला. मी ब्रेक दाबला, गाडी झटके खात थांबली. हँडब्रेक लावला तरी मला पाय काढवेना. सुपडूनानानं उतरून चाकांना दगड लावले, मग मी उतरले आणि गाडीखाली सरपटत गेले.

लाल रेघ तुटली होती. जोडाच्या बोल्टावरचा तुकडा एकीकडं आणि दांड्यावरचा दुसरीकडं. बोल्ट पाव फेरा सैल होता आणि जोड हातानं हलत होता. मी तिथंच, त्या तापलेल्या मातीत, पालथी पडून रडले. म्हशीच्या लाथेनं बरगडी मोडली तेव्हा रडले नव्हते.

सीटखालचा पाना काढला, बोल्ट आवळला. माणसाच्या चालीनं गाडी खाली आणली, आणि तशीच, कुठं न थांबता, जळगावला. वाटेत एकच विचार होता, त्यांना काय सांगायचं. बोल्ट सैल निघाला, एवढं सांगितलं असतं तर दोष त्यांचा झाला असता. रस्त्यानं ते वाक्य मी दोन-चारदा घोकलंही, हे आता कशाला लपवू.

गॅरेजात शमीमभाभी आल्या होत्या, खुर्चीत शाल घेऊन बसल्या होत्या. त्यांना बघितलं आणि माझं पाठांतर संपलं. पुलावर आवाज आला होता आणि मी नाही म्हणाले, असं सरळ सांगून टाकलं. याकूबभाई उजवा गाल माझ्याकडं करून ऐकत होते. ते रागावतील असं वाटलं होतं. ते भिंतीला हात लावून खालीच बसले. मग म्हणाले, "वर तुमच्याबरोबर कोण होतं?"

मी सुपडूनानाचं नाव सांगितलं.

"त्याच्या घरी कोण कोण आहे?"

मी सांगितलं. बायको, दोन सुना, चार नातवंडं. त्यांनी प्रत्येकाचं ऐकून घेतलं आणि मग गाडीखाली गेले.

भाभींनी मला आतल्या खोलीत नेलं, चहा टाकला. मी म्हटलं, भाभी, तुमचा कान असता तर हे झालं नसतं. त्या हसल्या. म्हणाल्या, माझा कसला कान, बाई? तिकडं शेगडीवर दूध उतू जातं ते मला ऐकू येत नाही. गाडीतला आवाज मला काय कळणार?

"मग तुम्ही सांगता कसं?"

"मी त्यांचा अंगठा बघते," भाभी म्हणाल्या. "मनात शंका असली की यांचा अंगठा घासायला लागतो. स्वतः कधी बोलणार नाहीत, लोक हसतात म्हणून. मग मीच म्हणते, आवाज आला. गाडी खोलली की यांना झोप लागते."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. पुलावरची ती खसखस मला ऐकू यायला लागली. टक् व्हायच्या आधीपासून, गल्लीतून गाडी निघाली तेव्हापासून तो अंगठा घासत होता. त्यांना शंका होतीच. ते बोलले असते, गाडी परत फिरवली असती. पण त्यांच्या शेजारी मी बसले होते आणि भर गल्लीत मी त्यांना काय बोलले होते ते मी वर लिहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चक्कर झाली. भाभी पाटावर पाय देऊन, धापा टाकत चढल्या, मी मागं बसले. पुलाच्या अलीकडंच त्या म्हणाल्या, "आवाज आला." मी कान लावून बसले होते. काही आलं नव्हतं. याकूबभाईंनी गाडी वळवली, सगळं पुन्हा खोललं, पुन्हा आवळलं. मी स्टुलावर बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाही.

भाभी पुढच्याच वर्षी गेल्या. याकूबभाईंनी त्यानंतर एकही गाडी उचलली नाही. किल्ल्या शेजारच्या वेल्डिंगवाल्याला दिल्या आणि धुळ्याला लेकीकडं जायचं ठरवलं. मी म्हटलं, मी सोडते. पाट त्यांनी बरोबर घेतला होता. त्यावर पाय देऊन डाव्या सीटवर चढले आणि मांडीवर छोटी पिशवी धरून बसले.

एरंडोलपर्यंत ते ठीक होते. मग बोलणं थांबलं. पारोळ्याच्या पुढं मी सहज त्यांच्याकडं बघितलं. अंगठा पिशवीच्या बंदावर घासत होता, मागं-पुढं, मागं-पुढं. नजर पुढच्या रस्त्यावर. माझी गाडी लोण्यासारखी चालली होती. पाचशे किलोमीटर कधीच झाले होते आणि दर पाचशेला मी स्वतः खाली जाऊन रेघा बघत होते. सुपडूनाना मला आता भित्री बाई म्हणतो.

"याकूबभाई," मी म्हटलं, "आवाज आला."

त्यांनी झटकन माझ्याकडं बघितलं. "कुठून?"

"पुढून. तुमच्या बाजूनं."

मी गाडी निंबाच्या सावलीत घेतली. ते उतरले, चाकांना दगड लावले, दगडांना लाथ मारून बघितली, खिशातला टॉर्च काढला, बिस्मिल्ला म्हणाले आणि गाडीखाली गेले. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. ट्रक जवळून गेले की मी त्या पायांच्या आणि रस्त्याच्या मध्ये उभी राहत होते. एकेक रेघ ते मोठ्यानं मोजत होते. दहा बॉडीच्या, मग जोडाची. मग पुन्हा पहिल्यापासून.

बाहेर आले तेव्हा पाठ मातीनं भरलेली होती. "सगळ्या जागेवर आहेत," ते म्हणाले.

"मग मला भास झाला असेल."

ते पाटावर पाय देऊन चढले, पिशवी मांडीवर घेतली. धुळ्यापर्यंत मी सारखी त्यांच्या हाताकडं बघत होते. अंगठा स्वस्थ होता, आणि ते झोपले होते.